सात उद्याने, तीन मुक्काम आणि अम्मींची वही



दर महिन्याला या पानावर आम्ही दोघे फिनिक्समधील आमच्या घरातील चार गोष्टी आपल्याला सांगत असतो. या वेळची गोष्ट घराबाहेर पडण्याची आहे. रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशी, इन्शाअल्लाह, आम्ही दोघे, आमची तीन मुले आणि लातूरहून आलेल्या अम्मी असे सहाजण नऊ रात्रींसाठी वाळवंटात मुक्कामाला निघणार आहोत. गाडी म्हणजे इथे जिला आरव्ही म्हणतात ती. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले छोटेसे घरच समजा. त्यात झोपायची जागा, गॅसची शेगडी, फ्रिज, संडास आणि पाण्याची टाकी असते. मुले गेली तीन वर्षे तिच्यासाठी हट्ट धरून होती.

अम्मी आमच्यापैकी एकाची आई आणि दुसऱ्याची सासू, पण घरात दोघांच्याही अम्मीच. वय सत्तर. पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार, रोज दोन वेळा इन्सुलिन. सप्टेंबरमध्ये आम्ही फोनवर त्यांना हा बेत सांगितला, तेव्हा पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही जावा. मी घर राखते."

त्या असे का म्हणाल्या हे आम्हाला चांगले ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी अम्मी आल्या होत्या तेव्हा जून महिन्यात आम्ही त्यांना आमच्या साध्या गाडीतून फिरायला नेले. मुख्य रस्ता सोडून एका आडरस्त्याला लागलो आणि टायर फुटला. जॅक लावला तर तो वाळूत रुतू लागला. मोबाइलला रेंज नव्हती. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर ४४ अंश तापमान होते आणि गाडीत सहा माणसांत पाण्याच्या चार बाटल्या होत्या. दीड तासाने एक वाटसरू थांबला. त्याच्या पाण्याने आणि त्याच्या जॅकने आम्ही तिथून सुटलो. तोवर अम्मींना घेरी आली होती, बोलणे अडखळत होते आणि पर्समधील इन्सुलिन गरम होऊन वाया गेले होते. दवाखान्यात सलाइन लावल्यावर त्या सावरल्या, अल्हम्दुलिल्लाह. त्यांनी आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही. पण तो दोष ना टायरचा होता, ना उन्हाचा. आम्ही काहीही न ठरवता निघालो होतो, हा तो दोष.

म्हणून या वेळी आमच्यापुढे दोन प्रश्न होते. अम्मींना सोबत न्यावे का? आणि न्यायचे तर कसे न्यावे, की त्यांना पुन्हा तशी भीती वाटू नये?

मुलांनी फ्रिजवर एक यादी लावली होती. तिच्यात सात राष्ट्रीय उद्याने होती: आमच्या ॲरिझोनातील सग्वारो आणि ग्रँड कॅन्यन, कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅली, युटातील झायन, ब्राइस कॅन्यन आणि आर्चेस. नऊ रात्रींत सात ठिकाणे. थोरल्याने नकाशावर लाल रेघ मारून ठेवली होती आणि ती रेघ दिसायलाही छान होती. पण आरव्ही रेघेवरून धावत नाही. ती चढावर धापा टाकते, वाऱ्यात डुलते आणि एका लिटर पेट्रोलमध्ये जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर जाते. साध्या गाडीला जिथे चार तास लागतात, तिथे हिला पाच धरावेत. म्हणून पहिला नियम केला की एका दिवसात पाच तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही आणि अंधार पडण्याआधी मुक्कामाला पोहोचायचे. या नियमाने आर्चेस गेले, कारण ते आमच्या वाटेपासून फार लांब पडते. ब्राइसही गेले. ते समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर आहे आणि मार्चअखेरीस तिथे बर्फ असू शकतो. वाळवंट म्हटले की आपल्याला फक्त ऊन आठवते. पण रात्री पारा शून्याखाली गेला तर आरव्हीतील पाण्याचे पाइप गोठून फुटतात.

दुसरा प्रश्न महिन्याचा होता. मुलांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात असते, पण उन्हाळा आम्ही पहिल्याच दिवशी खोडून टाकला. डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश तापमानाची नोंद झाली आणि जगातील सर्वाधिक तापमान म्हणून तीच आजही धरली जाते. तो झाला विक्रम. तिथे जुलैत रोजचे दुपारचे सरासरी तापमानच ४७ अंशांच्या आसपास असते. जुलै २०२४ मध्ये तिथे उष्म्याने एका मोटारसायकलस्वाराचा मृत्यू झाला. त्याच्याच सोबतच्या एका आजारी माणसाला न्यायला हेलिकॉप्टर येऊ शकले नाही, कारण इतक्या तापलेल्या, विरळ हवेत हेलिकॉप्टरला सुरक्षित उडता येत नाही. आरव्ही भाड्याने देणाऱ्या अनेक कंपन्यांच्या करारातच भर उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी नेऊ नये अशी अट असते. मार्चअखेरीस मात्र तिथे दुपारी साधारण २८-३० अंश असतात, म्हणजे लातूरच्या डिसेंबरसारखे. ईदनंतरचा आठवडा ठरला, तो असा.

तिसरा प्रश्न मुक्कामाच्या जागांचा. या उद्यानांतील बहुतेक जागांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि चांगल्या जागा पाहता पाहता संपतात. सप्टेंबरमध्येच घाई करावी लागली ती यासाठी. जोशुआ ट्री, डेथ व्हॅली, झायन आणि ग्रँड कॅन्यन अशा चार ठिकाणच्या जागा आम्ही धरून ठेवल्या. अम्मींचे उत्तर मात्र अजून आले नव्हते.

ऑक्टोबरमध्ये अम्मी आल्या. विषय काढला की त्या भाजी निवडायला बसत. शेवटी शाबान महिन्यात आम्ही एक गोष्ट केली. आरव्हीने पहिल्यांदाच जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ती करावी असे आम्ही आग्रहाने सांगू. फक्त एका रात्रीसाठी गाडी भाड्याने घेतली आणि टुसॉन शहराबाहेर, घरापासून दोन तासांवर, वीज-पाण्याची जोडणी नसलेल्या जागी राहून पाहिले. अम्मी म्हणाल्या, "एक रात आहे ना, मग येते."

ती रात्र आम्हाला बरेच शिकवून गेली. गाडीची टाकी दीडशे लिटरची होती. दीडशे लिटर म्हणजे खूप, असे वाटले. धाकटीने दहा मिनिटे अंघोळ केली. भांडी वाहत्या नळाखाली घासली. सगळ्यांनी नळ सोडून वुजू केला. सकाळी नऊ वाजता नळाने एक उसासा टाकला आणि तो कोरडा पडला. त्याच वेळी सांडपाण्याच्या टाकीचा दिवा लाल झाला. आरव्हीत पाणी दोनदा मोजावे लागते, येताना आणि जाताना. वापरलेले पाणी गाडीखालच्या टाकीत साठते. ते जमिनीवर सोडायला मनाई असते, ठरवून दिलेल्या जागीच रिकामे करावे लागते. ती टाकी भरली की वरच्या टाकीत पाणी असूनही उपयोग नाही.

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. अम्मींनी उशाशी ठेवलेली स्वतःची बाटली काढली, मुलांना एकेक घोट दिला आणि म्हणाल्या, "दीडशे लिटर रातीत? आम्हाला आठवडा गेला असता."

त्या दिवशी दुपारी आम्ही जवळच्याच सग्वारो उद्यानात गेलो. यादीतील एक नाव असे आपोआप पार पडले. सग्वारो हा उंच खांबासारखा निवडुंग. त्याच्या अंगावर उभ्या घड्या असतात. पाऊस पडला की मुळे पाणी ओढून घेतात, घड्या उलगडतात आणि खोड फुगते. पुढचे कोरडे महिने तो त्या साठ्यावर काढतो आणि घड्या पुन्हा मिटत जातात. पहिली फांदी फुटायलाच त्याला पन्नास, पंचाहत्तर किंवा त्याहूनही जास्त वर्षे लागतात. अम्मी एका फांदी नसलेल्या झाडापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मुलांनी माहितीफलक वाचून सांगितल्यावर त्या हसल्या. "म्हणजे हा अजून लेकरूच आहे," म्हणाल्या.

घरी परतल्यावर त्यांनी मुलांकडून एक कोरी वही मागून घेतली.

१९७२ च्या दुष्काळात अम्मी सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. खडी फोडायच्या कामावर त्या जात आणि तिथे मिळणारी सुकडी पदराला बांधून धाकट्या भावंडांसाठी आणत. विहिरीत उतरून वाटीवाटीने पाणी भरलेले त्यांच्या हातांना आठवते. पुढे २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाही त्या तिथेच होत्या. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर आणले होते. आमच्यासाठी ती टीव्हीवरची बातमी होती. अम्मींसाठी तो घरातील पिंपाचा प्रश्न होता. वाळवंटात राहण्याची विद्या आम्ही नकाशांत आणि व्हिडिओंत शोधत होतो. ती आमच्याच घरात भाजी निवडत बसली होती.

त्यांच्या वहीतील हिशेब असा. पिण्याचे पाणी टाकीत धरायचेच नाही, ते वेगळे. इथल्या वाळवंटी उद्यानांचा सल्ला माणशी रोज एक गॅलन, म्हणजे जवळपास चार लिटर, असा असतो. सहा माणसांचे रोजचे २४ लिटर झाले. दोन दिवसांच्या मुक्कामाला तीन दिवसांचे न्यायचे, म्हणजे ७२ लिटर, वेगळ्या कॅनमध्ये. "एक दिवस वरचा पाहिजेच. तो दिवस आला नाही तर चांगलंच," असे अम्मींचे म्हणणे. टाकीचे दीडशे लिटर दोन दिवस पुरवायचे तर माणशी रोज १२ लिटर. नळ सोडून वुजू केला तर एका वेळी दोन-तीन लिटर सहज जातात. तोटीच्या लोट्याने तोच वुजू पाऊण लिटरमध्ये नीट होतो. म्हणजे पाच वेळांचे चार लिटर. संडासाला पाच, स्वयंपाक-भांड्यांत माणशी दोन आणि तोंड धुवायला एक. अंघोळ नाही, ओल्या टॉवेलने अंग पुसायचे. खरकटी ताटे आधी कागदाने पुसून घ्यायची. पहिल्या दोन दिवसांचे जेवण म्हणजे घरून केलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि परतून गोठवलेला खिमा. त्याने भांडी कमी पडतात आणि हलाल मांस कुठे मिळेल ही वाटेतील शोधाशोधही वाचते.

जोशुआ ट्रीमधील जागा आम्ही या वहीमुळे बदलली. मुलांनी जंबो रॉक्स निवडले होते, कारण तिथले खडक फार सुंदर आहेत. पण तिथे पाण्याचा नळच नाही. त्या उद्यानात पाणी मोजक्याच मुक्कामांवर मिळते. दक्षिणेकडील कॉटनवुडला नळ आहे आणि सांडपाणी रिकामे करायची सोयही आहे. ती जागा फिनिक्सहून सरळ महामार्गाने साधारण ३५० किलोमीटरवर पडते. आता मुक्काम कॉटनवुडला आहे आणि खडक दिवसा जाऊन पाहायचे. उद्यानात पेट्रोल पंप नाही, तेव्हा टाकी भरूनच आत शिरायचे, हेही वहीत लिहिले आहे.

गाडीची लांबीही अशीच ठरली. भाड्याच्या दुकानात तीस फुटांची प्रशस्त गाडी स्वस्तात मिळत होती. पण डेथ व्हॅलीत रंगीत टेकड्यांमधून जाणारा आर्टिस्ट्स ड्राइव्ह आणि वरून सारी दरी दाखवणारा डांटेज व्ह्यूचा रस्ता २५ फुटांपेक्षा लांब गाड्यांना बंद आहेत. आम्ही २४ फुटांची घेतली. झायनमध्ये मात्र लांबीचा नव्हे, उंचीचा अडथळा आहे. तिथे १९३० मध्ये पुरा झालेला जवळपास पावणेदोन किलोमीटरचा बोगदा आहे. ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच गाडी त्यात आपल्या पदरात मावत नाही. आमची गाडी त्याहून उंच आहे. म्हणून बोगद्याकडे न जाता पश्चिमेने येऊन त्याच वाटेने बाहेर पडायचे आणि हरिकेन गावावरून वळसा घ्यायचा. झायनमध्ये गाडी उभी करून उद्यानाच्या बसने फिरता येते. पारूस नावाची नदीकाठची वाट पक्की आणि जवळजवळ सपाट आहे. अम्मींना तिथे चालवेल.

इन्सुलिनसाठी वहीत वेगळे पान आहे. ते बहुतेक प्रकारचे वापरात असताना ३० अंशांच्या आत ठेवावे लागते. आरव्हीचा फ्रिज गॅसवर चालतो, म्हणून वीज नसतानाही थंड राहतो. तरीही निम्मे इन्सुलिन बर्फाच्या पेटीत वेगळे ठेवायचे. सगळे एकाच जागी ठेवायचे नाही. जोशुआ ट्रीमध्ये वीजजोडणी नाही आणि जनरेटर ठरावीक तासांतच चालवता येतो. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला आणि झायनमध्ये वीजजोडणीची जागा घेतली आहे. प्रत्येक मुक्कामापासून सर्वात जवळचे रुग्णालय कोणते हे कागदावर लिहून गाडीत चिकटवले आहे, कारण फोनवर ठेवलेला पत्ता रेंज गेल्यावर हाताशी असेलच असे नाही. आम्ही कुठल्या दिवशी कुठे असू, हे शेजारच्या घरी लिहून दिले आहे. रात्री नऊपर्यंत आमचा निरोप आला नाही तर काय करायचे, हेही.

भारतातून येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. १ जानेवारी २०२६ पासून राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथल्या रहिवाशांना ८० डॉलरला आणि बाहेरून आलेल्यांना २५० डॉलरला मिळतो. शिवाय ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस यांसह अकरा उद्यानांत पास नसलेल्या सोळा वर्षांवरील परदेशी पाहुण्याला माणशी १०० डॉलर जादा पडतात. आपल्या आई-वडिलांना आणायचे असेल तर हा खर्च आधीच धरावा. दुसरी गोष्ट घड्याळाची. ॲरिझोनात उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे करत नाहीत. त्यामुळे मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर युटात शिरलो की वेळ एक तास पुढे जाते. मुक्कामाला पोहोचायची वेळ आणि नमाजची वेळ दोन्ही चुकू शकतात. सफरीत कसर नमाजची सवलत आहेच. किब्ला इथून ईशान्येकडे येतो. लातुरात जन्मभर पश्चिमेकडे तोंड केलेल्या अम्मींना ते अजून नवल वाटते.

राहिला ग्रँड कॅन्यन. वही भरत आली तसे दिसू लागले की चौथे ठिकाण ठेवले तर रोज गाडी आवरून निघावे लागेल, अम्मींना दुपारची विश्रांती मिळणार नाही आणि सात हजार फुटांवरील गारठ्यात पाइप गोठायची भीती आहेच. फिनिक्सहून ते चार तासांवर आहे. कधीही साध्या गाडीने जाता येईल. आम्ही ते आरक्षण रद्द केले. थोडे पैसे कापले गेले. जास्त कापले गेले ते थोरल्याचे मन. लाल रेघेचे शेवटचे टोक त्याच्यासाठी तिथेच होते. "दादीसाठी सगळं कमी करायचं का?" असे तो एकदा म्हणून गेला आणि मग स्वतःच गप्प झाला. आम्ही त्याला रागावलो नाही. खरे तर तो बरोबरच विचारत होता. सर्वात अशक्त माणसाच्या चालीने चालायचे ठरवले की धट्ट्याकट्ट्या माणसाला काहीतरी सोडावे लागते. ते सोडणे फुकट नसते, आणि हे मुलांपासून लपवूही नये. त्याचा रुसवा अजून पुरता गेलेला नाही. ईदनंतरच्या उन्हाळ्यात फक्त त्याला घेऊन तिथे जायचे आम्ही कबूल केले आहे आणि तेही वहीत लिहिले आहे.

जाता जाता एक सांगतो. सहलीचा बेत करताना आपण काय काय पाहायचे याची यादी करतो. आम्हीही तिथूनच सुरुवात केली होती. आता वाटते की सुरुवात उलट बाजूने करावी. आपल्यात सर्वात आधी कोण थकेल? त्याला किती पाणी लागेल, किती सावली लागेल, औषध कुठे राहील? याची उत्तरे मिळाली की किती ठिकाणे पाहायची हे आपोआप ठरते. जी उरतात ती निवांत पाहता येतात.

परवा इफ्तारनंतर अम्मी वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी अजूनही 'मी येते' असे तोंडाने म्हटलेले नाही. डेथ व्हॅलीतील बॅडवॉटरचे चित्र धाकटी त्यांना दाखवत होती. समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, मैलोगणती पांढरे मीठ आणि मध्ये पिता न येणाऱ्या पाण्याचे छोटे डबके. अम्मींनी चष्मा लावून ते पाहिले. मग विचारले, "पाण्याचे कॅन गाडीत मागं ठेवणार का माझ्या पायाशी?"

"तुम्ही म्हणाल तिथे," आम्ही म्हणालो.

"पायाशी ठेवा. मला दिसले पाहिजेत."

आम्ही तसे लिहून घेतले. आमच्यासाठी दुआ करा. सफर कशी झाली ते पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, याच पानावर सांगू.